काळीत पांढरी

मराठीचा प्राध्यापक म्हणून तालुक्याच्या गावी वीस वर्षे काढली, की मनुष्य हळूहळू सार्वजनिक मालमत्ता होतो. लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर तपासायला माणसे येतात. बारसे निघाले, की ‘ऋ’वरून मुलीचे नाव विचारले जाते. बाजारातल्या कृषी केंद्राच्या पाटीवर ‘कीटकनाशके’ लिहिताना कोणती वेलांटी द्यायची हे ठरवायला रंगाऱ्याने ब्रश हातात घेऊन मला एकदा रस्त्यातच गाठले होते. याचे मला वाईट वाटत नाही. उलट खरे सांगायचे तर थोडा ताठाच वाटतो. दर्यापुरात कोणाला शब्द अडला तर तो आमच्या दारी येतो, अशी एक गोड समजूत मी गेली कित्येक वर्षे जपून ठेवली आहे.

या समजुतीला यंदा भाद्रपदात धक्का बसला.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नेवाडा संस्थानात नोकरीला आहे. मुलगा पूर्णाकाठच्या एका खेड्यातला. त्याने मोबाईलवर एक छायाचित्र पाठवले. पांढरीफटक, सपाट, तड्यातड्यांची जमीन. क्षितिजापर्यंत झाड नाही, झुडूप नाही, दगडसुद्धा नाही. खाली मजकूर होता : “सर, याला इकडे ‘प्लाया’ म्हणतात. मी रविवारी ब्लॅक रॉक डेझर्टमध्ये गेलो होतो. आईला फोनवर सांगत होतो, पण शब्दच सापडेना. ‘कोरडं तळं’ म्हटलं, तर ती म्हणाली, कोरडं तळं पाहाले येवढ्या दूर कायले गेला? ते आपल्या इथं नोयतं काय? सर, मराठीत याला काय म्हणतात?”

मी लगेच उत्तर पाठवले, “उद्या सांगतो.” प्राध्यापकाचे ‘उद्या’ म्हणजे काय ते सुज्ञ वाचकांना ठाऊकच आहे.

पहिला दिवस मी संस्कृताच्या आश्रयाला गेलो. ‘शुष्कसरोवरतल’, ‘मरुद्रोणी’, ‘लवणपटल’ असे तीन शब्द संध्याकाळपर्यंत घडले. आमच्या सौभाग्यवती पोहे निवडत होत्या. तिन्ही शब्द ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “पहिलं पोटाच्या औषधासारखं वाटतं, दुसरं एखाद्या नाटकातल्या दासीचं नाव, आणि तिसरं दातांचं काहीतरी.” मराठीचे परिभाषाकोश घडवणाऱ्या मंडळींना असे परीक्षक घरीच मिळते तर भाषेचे पुष्कळ भले झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात भूगोलाच्या प्राध्यापकांना गाठले. हे गृहस्थ मितभाषी. पण जमिनीविषयी विचारले की फुलतात. त्यांनी चहाची बशीच पुढे ओढली. म्हणाले, “हे बघा. चारी बाजूंनी डोंगर, मधे खोलगट भाग, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाऊस पडला की डोंगरावरचे पाणी गाळ आणि विरघळलेले क्षार घेऊन मध्यभागी येते. वाळू-खडे कडेला राहतात, अगदी बारीक चिखल तेवढा मधे पोचतो. पाणी वीतभर साचते, उन्हाने उडून जाते. चिखल आणि क्षार मात्र तिथेच राहतात. अशी हजारो वर्षे गेली, की तळ इतका सपाट होतो की त्यावर मोटारी पळवतात.” तुमचा विद्यार्थी गेला होता त्याच मैदानावर १९९७ साली एका मोटारीने आवाजाच्या वेगालाही मागे टाकले, असेही त्यांनी सांगितले. हिमयुगात तिथे लाहॉन्टन नावाचा प्रचंड तलाव होता. त्याचा हा तळ.

“म्हणजे सुकलेले तळेच की!” मी म्हणालो.

“नाही,” ते म्हणाले. “सुकलेले म्हटले की ते मेले असे वाटते. हे मेलेले नसते. एखाद्या ओल्या वर्षी पुन्हा भरते, पुन्हा आटते. तळे म्हणावे तर पाणी नाही, माळ म्हणावा तर एखाद्या सकाळी पाणी. तुमची भाषा तिथेच अडते.”

मूळ शब्दाची गंमत तर आणखीच निराळी. ‘प्लाया’ हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ समुद्रकिनारा, पुळण. समुद्रापासून शेकडो कोस दूर, तोंडाला कोरड पडलेल्या मुलखात, त्या माणसांना ही जमीन पाहून किनारा आठवला. लाट तेवढी येत नव्हती.

मग मी इतरांची घरे हिंडलो. अरब अशा खारवट सपाटीला ‘सबखा’ म्हणतात. इराणात ‘कवीर’, तिथल्या मोठ्या वाळवंटाचे नावच ‘दश्त-ए-कवीर’. दक्षिण अमेरिकेत ‘सालार’, म्हणजे सरळ मिठाची जागा. बोलिव्हियातला उयुनीचा सालार दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंचावर आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे गोऱ्या लोकांनी त्याला ‘पॅन’, म्हणजे तवा-परात असे नाव दिले. प्रत्येकाने आपापल्या घरातले भांडे, आपापली आठवण त्या जमिनीवर नेऊन ठेवली आहे.

आणि आपल्या देशात? कच्छचे ‘रण’ आहेच. या ‘रणा’चे नाते बरेच विद्वान संस्कृतातल्या ‘इरिण’ शब्दाशी जोडतात. इरिण म्हणजे खारवट, नापीक, खोलगट जमीन. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात कच्छच्या त्या भागाला ‘ऐरिनॉन’ म्हटले आहे. मला आनंदाचे भरते आले. शब्द सापडला! आपल्याच माजघरात पडलेला होता! मराठीत ‘रण’ लढाईने अडवले आहे आणि ‘रान’ शेताने, म्हणून ‘इरिण’च पुन्हा चालू करावा, असा ठराव मी मनातल्या मनात एकमताने संमत केला.

खात्रीसाठी मी जुनी पुस्तके काढली. मनुस्मृतीत दृष्टांत सापडला, की इरिणात बी पेरणाऱ्याच्या हाती फळ लागत नाही. आणि ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात, ज्या खोलगट जागेत फासे टाकतात तिलाही इरिणच म्हटले आहे. खारी जमीन आणि जुगाराचा पट, दोहोंना एकच शब्द.

इथे मी पुस्तक मिटले. त्या रात्री पुढे वाचवले नाही. का, ते सांगायचे तर मला आमच्या मुलखाविषयी चार शब्द सांगावे लागतील. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तेवढे सोसावे.

आमच्या गावाचे नाव दर्यापूर. दर्या म्हणजे समुद्र. पण इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. वऱ्हाडच्या इमादशाहीत दर्या इमादशाह नावाचा सुलतान सोळाव्या शतकात होऊन गेला, त्याच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. गावाला चंद्रभागा आहे, पण ती पंढरपूरची नव्हे. मेळघाटाच्या डोंगरातून येते, उन्हाळ्यात वाळूच उरते. असे हे समुद्राच्या नावाचे कोरडे गाव.

पण खाली, जमिनीच्या पोटात, मीठ आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा खारपाणपट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून लांबट खोलगट भाग झाला, त्यात युगानुयुगे गाळ साठला; शेकडो मीटर जाडीचा चिकण गाळ, आणि त्यात अडकलेले खारे पाणी. इथे पूर्वी समुद्राचा फाटा होता असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. पण समुद्राचे शिंपले-शंख त्या गाळात सापडलेले नाहीत. पुष्कळ अभ्यासक असे मानतात की कोरड्या हवेच्या काळात इथे पाणी आले, साचले, उडून गेले, आणि क्षार मागे ठेवून गेले. म्हणजे ती चहाची बशीच. फरक इतकाच, की आमच्या बशीला पश्चिमेकडे फट आहे. पूर्णा वाहत जाऊन चांगदेवापाशी तापीला मिळते. सर्व बाजूंनी बंद अशी जागा वऱ्हाडात पाहायची तर लोणारला जावे. तिथल्या सरोवराकाठी उन्हाळ्यात जमणाऱ्या क्षारांना लोकांनी पापडी, भुस्की, दल्ला, खुप्पल अशी वेगवेगळी नावे दिली होती. ज्याच्यावर पोट चालते त्याला माणूस नाव दिल्याशिवाय राहत नाही.

आमच्या मिठावरही एके काळी पोटे चालली. दहिहांड्यापासून अमरावतीच्या अलीकडे आठ-दहा मैलांपर्यंत पूर्णेच्या दोन्ही काठांनी खास खाऱ्या पाण्यासाठी विहिरी खणत आणि पाणी आटवून मीठ काढीत, असे एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. काही विहिरी एकशेवीस फूट खोल होत्या. चिकणमातीचा थर फुटला की खालचे खारे पाणी जोराने वर चढे. पुढे इंग्रजांचा मिठावर ताबा आला आणि हे सारे बंद पडले. पण १९३० च्या एप्रिलात, गांधीजींनी दांडीला मीठ उचलले त्याच महिन्यात, वऱ्हाडातल्या सत्याग्रहींना समुद्र शोधायला जावे लागले नाही. त्यांनी दहिहांड्याच्या विहिरीचे पाणी आटवून कायदा मोडला. शाळेत हे शिकवताना आमच्या गुरुजींचा ऊर भरून येई. मी मात्र त्या तासाला खाली मान घालून बसत असे.

कारण आमच्याकडेही एक विहीर होती.

दर्यापूरपासून दहा-बारा किलोमीटरांवर आमचे खेडे, आणि नऊ एकर कोरडवाहू. पावसाळ्यात मूग-कापूस, हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर हरभरा. आमच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, हा देवाचा उपकार. बाबांना मात्र संत्र्याचा बाग हवा होता. आईचे माहेर अचलपूरकडचे. तिकडे मामांचा बाग होता. दर मृग बहाराला तिकडून संत्र्यांची पेटी येई आणि बाबा प्रत्येक फोड सावकाश खात. ते काही बोलत नसत. पण फोड खाऊन झाल्यावर बिया कागदात बांधून ठेवीत.

१९८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी विहीर काढायचे ठरवले. मी आठ वर्षांचा होतो. मागचे वर्ष दुष्काळाचे गेलेले. पाणाड्या आला, कडुनिंबाची बेचकी धरून शेतभर फिरला आणि खालच्या कोपऱ्यात थांबला. तिथे श्रावणात पाणी साचे आणि चैत्रापर्यंत जमिनीवर पिठासारखे काहीतरी उमटे. आमची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहानपणी विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेली, तिने पदर खोचून सांगितले, “तठी नोको खंदू बाबू. खाली खार निजला हाये. निजू दे त्याले.” बाबा हसले. पाणाड्याने दक्षिणा घेतली.

आमच्याकडे विहीर खणायची म्हणजे दगड फोडायचा नसतो. माती ढासळते म्हणून बांधकाम करीत करीत खाली उतरावे लागते. पैसा त्यातच गेला. चाळीस हातांवर चिकण थर संपला, रेतीची कच लागली, आणि पाणी आले. आले म्हणजे उसळले. खालचे दोन गडी ओरडत वर चढले. सारे गाव जमले. नारळ फुटला, गूळ वाटला. बाबांनी पोहऱ्यातून पहिली ओंजळ घेतली आणि प्यायली.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांचे तोंड मला दिसत होते. गिळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने ओठ पुसले आणि म्हणाले, “गोडं हाये.”

दुसरी ओंजळ त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही. गढूळ आहे, गाळ बसू द्या म्हणाले. रात्री मी उठून ओसरीवर ठेवलेल्या कळशीत बोट बुडवून चाटले. आत्या तिथेच जागी बसली होती. तिने मला काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे हंडा घेऊन नदीतल्या झिऱ्यावर गोड्या पाण्याला गेली. बाबांनी तिला जाताना पाहिले.

तरी दोनशे कलमे लागली. इंजिन बसले. आज वाटते, की घेतलेले कर्ज आणि गावासमोर उच्चारलेला एक शब्द यांच्या मधोमध ते अडकले होते. आणि पाणी सोडत राहिले तर कदाचित ते गोड होईल अशी त्यांना आशा असावी. जुगारी जसा आणखी एकच डाव मागतो तसे. खाऱ्या पाण्यातले सोडियमचे क्षार चिकणमातीचे कण सुटे करतात; ओली झाली की ती लोण्यासारखी होऊन भोके बुजवते, वाळली की तिची फरशी होते. मुळांना ना हवा, ना पाणी. हे मला पुढे आमच्या भूगोलाच्या मित्रांनी सांगितले. तेव्हा एवढेच दिसले, की संत्र्याच्या पानांच्या कडा करपल्या, मग पाने गळली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्या दोन एकरांवर पांढरा थर आला. आत्या बांधावर उभी राहून म्हणाली, “काळीत पांढरी आली.”

शहरी वाचकांसाठी सांगतो : आमच्याकडे ‘काळी’ म्हणजे शेताची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावाची, वस्तीची. काळी पिकवते, पांढरीवर घरे बांधतात. पांढरीत कोणी पेरत नाही. आत्याला यापेक्षा अधिक काही सांगायचे नव्हते.

चार एकर विकून कर्ज फिटले. विहिरीवर बाबांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या. आणि आमच्या घरातून एक शब्द गेला. कोणी मनाई केली नव्हती. पण ‘खारं’ हा शब्द त्यानंतर आमच्याकडे कोणी उच्चारला नाही. भाजीत मीठ अधिक झाले तर आई म्हणे, “आज हात सैल पडला.” गावातले पाणी ‘जड’ होते. पुढे शहानूर धरणाचे पाणी नळाने आले, त्याला ‘नळाचे’ म्हणायचे. गोडे म्हणायचीही सोय नव्हती, कारण गोडे म्हटले की दुसरा शब्द आठवणार. मी मराठीत एम. ए. झालो, समानार्थी शब्दांत मला कोणी हरवू शकत नसे. ही विद्या मी कुठे शिकलो ते मला पुष्कळ उशिरा कळले.

बाबा २०११ साली गेले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. आमच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी आहे. शहरातल्या डॉक्टरांनी विचारले, “आयुष्यभर पाणी कोणतं प्यायलात?” पाण्यानेच झाले असे सांगता येत नाही, पण विचारावे लागते, असेही ते म्हणाले. बाबा खाटेवर उठून बसले. माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, “गोडं.” डॉक्टरांनी तसे लिहून घेतले.

तर असा तो ‘इरिण’ शब्द मला पाठवता येईना. आठवडा गेला. विद्यार्थ्याची आठवण आली : “सर, शब्द?” शेवटी मी मोबाईल घेऊन आत्याकडे गेलो. ती आता पंचाऐंशीच्या घरात आहे, आमच्याबरोबर दर्यापुरातच असते. डोळे अधू झाले आहेत, म्हणून छायाचित्र मोठे करून दाखवले. तिने मोबाईल नाकाशी नेला, बराच वेळ पाहिले, अंगठ्याने काचेवरून पुसल्यासारखे केले.

“कोनाचं वावर हाये हे?”

“कोणाचंच नाही, आत्या. अमेरिकेतली सरकारी जमीन आहे. तिथं कधी कोणी पेरलंच नाही.”

“कोनाचंच नाही?”

“नाही.”

“मंग बरं हाये.” तिने मोबाईल परत दिला. थोड्या वेळाने म्हणाली, “पांढरी हाये ते. दुसरं काय? त्याच्या मायले सांग, पांढरीवर गेलता म्हनून. तिले समजते.”

मी तसे लिहून पाठवले, आणि आत्याने आणखी एक प्रश्न विचारायला सांगितला होता तोही खाली लिहिला : माती चाखली का त्याने? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तेव्हा सौभाग्यवती भाजी चिरत होत्या, मुलगी शाळेची वेणी घालून घेत होती, आत्या उन्हात बसली होती. मी मोठ्याने वाचू लागलो, “सर, आईला लगेच समजलं. म्हणाली, पांढरी पाहाले इमानानं जा लागते काय? आणि हो, माती चाखली. चव...”

इथे मी थांबलो. जीभ सवयीने दुसरा शब्द शोधू लागली.

आत्या उन्हातून म्हणाली, “खारी म्हन ना रे. आता तुहा बाप ऐकत नाही.”

“खारी,” मी वाचले. “जरा सोड्यासारखी.”

“मंग तेच,” आत्या म्हणाली, आणि तिने सुपारीची डबी मागितली.